'मबाहिस' जहाजाची सफर आणि सूक्ष्म सागरी जीवांचे नामकरण

३ सप्टेंबर १९३३ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया बंदरातून 'मबाहिस' नावाचे एक लहानसे जहाज हिंदी महासागराच्या पाहणीसाठी निघाले. जहाज इजिप्त सरकारचे होते, खलाशीही तिथलेच. मोहिमेचा पैसा मात्र एका दिवंगत ब्रिटिश सागरशास्त्रज्ञाच्या निधीतून आला होता आणि तिचे नेतृत्व होते कलकत्त्याच्या झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या संचालकपदावरून त्याच वर्षी मोकळ्या झालेल्या लेफ्टनंट कर्नल सेमूर सेवेल यांच्याकडे. पुढील सुमारे नऊ महिन्यांत हे जहाज तांबडा समुद्र, एडनचे आखात, अरबी समुद्र, ओमानचे आखात, मालदीव आणि झांजिबारच्या आसपासचे पाणी असे फिरले. कराची, मुंबई आणि कोलंबो ही बंदरेही त्याने पाहिली. २५ मे १९३४ रोजी ते अलेक्झांड्रियाला परतले. विज्ञानाच्या इतिहासात ही मोहीम जॉन मरे मोहीम म्हणून ओळखली जाते. जहाजाचे नाव त्यामानाने मागे पडले आहे.

प्राणिशास्त्र हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनी 'मबाहिस' या शब्दाचा अर्थ विचारला, तिथून हे कुतूहल सुरू झाले. उर्दूच्या विद्यार्थ्याला हा शब्द परका नाही. 'बहस' आणि 'मुबाहिसा' हे त्याच धातूपासून बनलेले शब्द आपण रोज वापरतो. अरबीत 'मबहस' म्हणजे शोध किंवा संशोधनाचा विषय आणि 'मबाहिस' हे त्याचे अनेकवचन. धातूचा मूळ अर्थ उकरणे, खणून पाहणे असा आहे. कुरआन शरीफमध्ये आदमच्या दोन पुत्रांच्या प्रसंगात कावळा जमीन उकरतो, तिथे याच धातूचे क्रियापद आले आहे. समुद्राच्या तळाचा गाळ उकरून पाहणाऱ्या जहाजाला याहून योग्य नाव शोधून सापडले नसते. उर्दूत वादविवादाचा अर्थ पुढे आला आणि उकरण्याचा अर्थ मागे राहिला, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे.

ज्यांच्या नावाची ही मोहीम, ते सर जॉन मरे १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजावर निसर्ग-अभ्यासक होते. पुढे त्या मोहिमेचे प्रचंड अहवाल छापून घेण्याचे काम त्यांनी निभावले. हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावरील फॉस्फेटच्या खाणींत त्यांचा हिस्सा होता आणि १९१४ साली त्यांचे निधन झाल्यावर त्या उत्पन्नातून सागरशास्त्रासाठी पैसा राहिला. म्हणजे हिंदी महासागरातून मिळालेला पैसा काही अंशी हिंदी महासागराच्या अभ्यासाकडे परतला. 'मबाहिस' हे १९३० च्या सुमारास इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे बांधलेले, अवघ्या १३८ फूट लांबीचे आणि कोळशावर चालणारे जहाज. किनाऱ्याजवळच्या मासेमारीच्या पाहणीसाठी ते बांधले होते. महासागर ओलांडण्यासाठी नव्हे.

जहाजावरील शास्त्रज्ञांत सेवेल यांच्यासह थॉम्पसन, गिल्सन, मॅकन आणि फारकरसन हे इंग्रज होते आणि दोघे इजिप्तचे: रसायनशास्त्रज्ञ डॉ. अब्दुल फत्ताह मोहम्मद आणि जहाजाचे डॉक्टर व जीवशास्त्रज्ञ डॉ. हुसैन फौजी. फौजी मूळचे वैद्यकाचे पदवीधर. पुढे त्यांनी फ्रान्समध्ये मत्स्यविषयक शिक्षण घेतले. या सफरीवर त्यांनी 'सिंदबाद असरी', म्हणजे आधुनिक सिंदबाद, हे पुस्तक लिहिले. ते १९३८ साली प्रसिद्ध झाले आणि अरबी साहित्यात प्रवासवर्णन म्हणून आजही वाचले जाते. सिंदबाद या पात्राशी त्यांचे नाव पुढे कायमचे जोडले गेले. एकाच सफरीतून एका माणसाच्या हातून अरबी गद्य निघाले आणि दुसऱ्याच्या हातून कोपेपॉडांवरचे शेकडो पानांचे लॅटिन नावांनी भरलेले ग्रंथ. साहित्य शिकवणाऱ्याने पहिल्याकडे वळावे हे साहजिक. परंतु दुसऱ्या प्रकारचे लेखन हीदेखील एक कठोर शिस्तीची गद्यशैली आहे आणि आपल्या मासिकांत तिची दखल क्वचितच घेतली जाते.

कोपेपॉड म्हणजे काय? ग्रीक भाषेत 'कोपे' म्हणजे वल्हे आणि 'पॉड' म्हणजे पाय. वल्ह्यांसारखे पाय मारीत पाण्यात फिरणारा कोळंबी-खेकड्यांच्या गोत्रातला हा जीव बहुधा एक-दोन मिलिमीटरांचा, पुष्कळदा त्याहूनही लहान असतो. बारीक जाळीच्या कापडाची लांब पिशवी समुद्रात ओढली की तिच्या तळाच्या भांड्यात जो गढूळ, किंचित गुलाबीसर लगदा जमतो, त्यात बहुतेक वेळा सर्वांत मोठा वाटा यांचाच असतो. कोकण-गोव्याच्या ताटातला बांगडा ज्या अन्नावर वाढतो, त्यातही हे जीव आहेत. अंड्यातून बाहेर आल्यावर सहा अवस्था एका रूपात, पुढे पाच अवस्था दुसऱ्या रूपात आणि मग प्रौढ, असे त्यांचे आयुष्य. आजवर त्यांच्या दहा हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. पहिल्या नोंदींपैकी एक नॉर्वेचे बिशप गुन्नेरुस यांची, १७७० सालची. 'चॅलेंजर'च्या कोपेपॉडांवर ब्रेडी यांनी १८८३ साली अहवाल लिहिला आणि श्रीलंकेच्या मोतीक्षेत्रांतील कोपेपॉडांवर थॉम्पसन व स्कॉट यांनी १९०३ साली. आपल्या समुद्रांपुरते हे प्रारंभिक काम होते. ते खऱ्या अर्थाने पुढे नेले सेवेल यांनी.

सेवेल (१८८०-१९६४) हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर. 'इन्व्हेस्टिगेटर' या सरकारी सर्वेक्षण जहाजावर 'सर्जन-नॅचरलिस्ट' असे एक पद असे, त्यावर ते १९१० पासून होते. खलाशांची दुखणी बघायची आणि उरलेल्या वेळात समुद्रातले जीव गोळा करायचे, असे ते दुहेरी काम. कोपेपॉडांवरचे त्यांचे पहिले निबंध १९१२ आणि १९१४ चे आहेत. १९१६ साली झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना झाली. तिचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल. त्यांनी चिल्का सरोवराची जी पाहणी केली, तिच्यातील कोपेपॉड सेवेल यांच्याकडे आले. १९२४ साली अ‍ॅनंडेल वारले आणि १९२५ पासून सेवेल संचालक झाले. त्यांचा 'कोपेपोडा ऑफ इंडियन सीज' हा ग्रंथ १९२९ ते १९३२ या काळात कलकत्त्यातून दोन भागांत निघाला. भारतीय समुद्रातील कोपेपॉडांचा अभ्यास करणाऱ्याला आजही तो उघडावा लागतो. इतिहासाच्या शिक्षकांना कदाचित हे ठाऊक असेल की मोहेंजोदडोच्या उत्खननावरील मार्शल यांच्या १९३१ च्या ग्रंथात मानवी सांगाड्यांवरचे प्रकरण लिहिणाऱ्या दोघांपैकी एक हेच सेवेल. दुसरे बी. एस. गुहा.

आता नवी जात 'सापडते' म्हणजे नेमके काय होते, हे पाहणे आवश्यक आहे. कारण सापडणे आणि वर्णन करणे यांत कित्येक वर्षांचे अंतर असते. जाळ्यात आलेला जीव फॉर्मॅलिनमध्ये टिकवला जातो. प्रयोगशाळेत तो हजारो सारख्या दिसणाऱ्या जीवांतून नळीने वेचून काढावा लागतो. मग काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून, सूक्ष्मदर्शकाखाली दोन बारीक सुया हातात धरून, त्याचा एकेक पाय शरीरापासून अलग करायचा. मिलिमीटरभर लांबीच्या जीवाचे पाय! अनेक गटांत पायांची पाचवी जोडी सर्वांत महत्त्वाची. नराची आणि मादीची वेगळी, आणि एका जातीची दुसरीशी जुळत नाही. पायाच्या प्रत्येक पेरावर किती काटे, किती केस, हे मोजायचे. सूक्ष्मदर्शकाला 'कॅमेरा ल्युसिडा' नावाचा लोलक लावला की समोरचा जीव आणि कागदावरची पेन्सिल एकाच वेळी दिसतात. त्याच्या साहाय्याने चित्र काढायचे. मग आजवर जगात कुठेही, कोणत्याही भाषेत छापलेली वर्णने तपासायची. यातले कोणतेही लागू पडत नाही अशी खात्री झाली, तरच लॅटिन रूपातले नाव द्यायचे, वर्णन छापायचे आणि ज्या नमुन्यावरून वर्णन केले तो 'टाइप' म्हणून संग्रहालयात जमा करायचा. पुढे वाद झाला तर अखेरचा पुरावा तो टाइप. आपल्या भाषेत सांगायचे तर हस्तलिखिताची मूळ प्रत. तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय पाठ निश्चित होत नाही.

नाव देणाऱ्याचे आडनाव आणि वर्ष जातीच्या नावापुढे कायमचे लिहिले जाते. अ‍ॅनंडेल यांच्या स्मरणार्थ ठेवलेले 'स्यूडोडायाप्टोमस अ‍ॅनंडेली' हे नाव असेच 'सेवेल, १९१९' या पुच्छासह छापले जाते. ज्याने जाळे ओढले, ज्याने बरणीवर चिठ्ठी लावली, ज्याने थंडीवाऱ्यात पहाटे यंत्र फिरवले, त्याचे नाव तिथे येत नाही. जो वर्णन लिहितो त्याचे येते. 'मबाहिस'वरचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गविभागाकडे गेले. मोहिमेचे अहवाल त्या संग्रहालयाने प्रसिद्ध केले. सेवेल यांचे कोपेपॉडांवरचे अहवाल १९४०, १९४७ आणि १९४८ सालचे आहेत. यात कोणाची फसवणूक झाली असे म्हणणे योग्य होणार नाही. पैसा, तज्ज्ञ आणि संग्रहालय या तिन्ही गोष्टी तेव्हा लंडनमध्ये होत्या. परंतु अरबी समुद्रातील जीवाचा मूळ नमुना पाहण्यासाठी अरबी समुद्राकाठच्या अभ्यासकाला लंडन गाठावे लागावे, ही वस्तुस्थिती पुढच्या पिढ्यांना जड गेली, हे नाकारता येत नाही. दोन्ही इजिप्शियन शास्त्रज्ञांना या सफरीने जे शिक्षण मिळाले त्याचा उपयोग त्यांनी मायदेशी केला. दोघेही पुढे अलेक्झांड्रिया विद्यापीठाशी निगडित राहिले.

याच सुमारास मद्रासच्या किनाऱ्यावर एक वेगळ्या प्रकारचे काम चालू होते. मद्रास विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत आर. गोपाल अय्यर आणि त्यांचे केरळीय विद्यार्थी के. एच. अलिकुन्ही वाळूच्या कणांमधल्या फटींत राहणाऱ्या धाग्यासारख्या कृमींचा अभ्यास करीत होते. त्यासाठी जहाज लागत नव्हते. समुद्राच्या लाटा जिथे फुटतात तिथली ओली वाळू आणि एक सूक्ष्मदर्शक पुरे होता. १९४० साली 'रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम' या नियतकालिकात त्यांनी एका नव्या कृमीचे वर्णन केले आणि तिच्यासाठी 'पिसिओनेला' ही नवी प्रजाती स्थापली. जातीचे नाव 'इंडिका'. अडचण अशी की कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या ओल्गा हार्टमन यांनी १९३९ सालीच 'पिसिओनेला' हे नाव दुसऱ्या एका कृमीच्या प्रजातीला देऊन टाकले होते. एकच नाव दोन प्रजातींना चालत नाही. आधी छापले त्याचा हक्क. महायुद्धाच्या त्या वर्षांत पॅसिफिकपलीकडचे प्रकाशन मद्रासला वेळेवर पोचले नसावे. अय्यर आणि अलिकुन्ही यांनी १९४३ साली स्वतःच आपल्या प्रजातीला 'पिसिओनिडेन्स' हे नवे नाव दिले. म्हणून आज ती कृमी 'पिसिओनिडेन्स इंडिका' म्हणून ओळखली जाते आणि पुढे दोघांची नावे व १९४० हे वर्ष कंसात लिहिले जाते. त्या कंसाचा अर्थ असा की जात यांनीच नोंदली, परंतु ज्या प्रजातीच्या नावाखाली नोंदली ते नाव नंतर बदलले. एका वर्षाच्या फरकाची सगळी हकीकत त्या दोन अर्धवर्तुळांत सामावलेली आहे.

अलिकुन्ही यांनी गुरूंसह १९४४ साली मद्रासच्या वाळूतील आणखी काही कृमी नोंदल्या, 'सॅकोसिरस मायनर' ही त्यांपैकी एक. पुढे ते मत्स्यशास्त्राकडे वळले. १९५७ साली हिरालाल चौधरी आणि त्यांनी कटक येथे संप्रेरक टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. आज देशभरातल्या तळ्यांत जे मत्स्यबीज सोडले जाते त्याची मुळे त्या प्रयोगात आहेत. त्यामुळे अलिकुन्ही यांचे नाव मासे पाळणाऱ्यांना माहीत आहे. वाळूतल्या कृमींवरचे त्यांचे तरुणपणीचे काम मात्र मोजक्या तज्ज्ञांपुरते राहिले. आपल्या शैक्षणिक संस्थांत मुस्लिम शास्त्रज्ञांची यादी भिंतीवर लावताना इब्न सीना आणि अल-बिरुनी यांच्यावर आपण थांबतो. अलिकुन्ही तिथे असावेत असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

वाळूच्या या सूक्ष्म जगात किती अनोळखी जीव शिल्लक होते, याचा अंदाज खुद्द तज्ज्ञांनाही नव्हता. अमेरिकन संशोधक रॉबर्ट हिगिन्स यांना १९७४ साली एक विचित्र जीव मिळाला होता. तो दुसऱ्याच एका ज्ञात गटाचे पिल्लू असावे असे त्यांना वाटले. १९८२ साली डेन्मार्कचे राइनहार्ड क्रिस्टेन्सन फ्रान्समधील रॉस्कॉफ येथे समुद्रतळाच्या शिंपल्यांच्या रेतीचा एक मोठा नमुना तपासत होते. मुक्कामाचा अखेरचा दिवस, नेहमीच्या किचकट पद्धतीला वेळ नाही. म्हणून त्यांनी रेती सरळ गोड्या पाण्याने धुतली. खाऱ्या पाण्यातले जीव गोड्या पाण्याच्या धक्क्याने रेतीला धरलेली पकड सोडतात. त्या धुवणात पाव मिलिमीटरच्या आसपास लांबीच्या, चिलखतासारख्या आवरणाच्या एका जीवाच्या पिल्लापासून प्रौढापर्यंतच्या अवस्था मिळाल्या. १९८३ साली त्यांनी 'नॅनालोरिकस मिस्टिकस' या नावाने त्याचे वर्णन केले. हा जीव कोणत्याही ज्ञात संघात बसत नसल्याने त्याच्यासाठी 'लोरिसिफेरा' हा प्राण्यांचा नवा संघच निर्माण करावा लागला. पिल्लाच्या अवस्थेला मात्र त्यांनी हिगिन्स यांचे नाव दिले. पुढे १९८६ साली दोघांनी मिळून आणखी आठ जातींचे वर्णन छापले. अगोदर पाहूनही ज्याला ओळखता आले नव्हते, त्याचे नाव टाळण्याऐवजी जोडून घ्यावे, ही वृत्ती विद्वानांत नेहमीच आढळते असे नाही.

पुन्हा भारताकडे. टाइप नमुने जपणे किती अवघड असते याचा फटका आपल्याला लवकरच बसला. दुसऱ्या महायुद्धात कलकत्त्यावर बॉम्ब पडण्याची भीती होती म्हणून १९४२ साली झूऑलॉजिकल सर्व्हेचा संग्रह वाराणसीच्या कैसर कॅसल या इमारतीत हलवण्यात आला. बॉम्बपासून तो वाचला. परंतु १९४३ साली वरुणा नदीला पूर आला आणि पाणी त्या इमारतीत शिरले. कित्येक नमुने, चिठ्ठ्या आणि ग्रंथ खराब झाले. चिठ्ठी गेलेला नमुना म्हणजे सनावळी फाटलेला दस्तऐवज. वस्तू समोर असते आणि ती कुठली, कधीची हे सांगता येत नाही.

१९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. यावेळी परिस्थिती बदलली होती. अनेक देशांच्या जहाजांनी ठराविक एकाच मापाच्या जाळ्याने गोळा केलेले प्लवकांचे शेकडो नमुने कोचीनला आणून तिथे भारतीय अभ्यासकांच्या हातून गटवार वेगळे केले गेले. या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. अलाहाबादमध्ये जन्मलेले, अलीगढमध्ये शिकवलेले सय्यद जहूर कासिम हे कोचीनच्या या कामात होते. १९७४ ते १९८१ या काळात ते गोव्याच्या संस्थेचे संचालक होते. १९८१ च्या डिसेंबरात भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्याहून निघाली ती त्यांच्याच नेतृत्वाखाली. पुढे ते जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरूही झाले. 'मबाहिस'च्या वेळी नमुने लंडनला गेले होते, तीस वर्षांनी ते कोचीनला आले. मध्ये स्वातंत्र्य होते.

'मबाहिस'चे एक निरीक्षण तर पुढे फारच मोलाचे ठरले. ओमानच्या आखातात आणि अरबस्तानच्या किनाऱ्यालगत सुमारे शंभर मीटरपासून हजार-बाराशे मीटरपर्यंतच्या खोलीवर त्यांची तळजाळी जवळजवळ रिकामी येत होती. वर येणाऱ्या गाळाला सडक्या अंड्यासारखा वास होता. पाण्यात प्राणवायू जवळपास नव्हता. अरबी समुद्राचा हा प्राणवायूहीन थर गोव्याच्या संस्थेने पुढे कित्येक वर्षे अभ्यासला. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले की भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यातही पावसाळ्यानंतर अशी स्थिती तीव्र होते आहे. सूक्ष्म जीवांची जुनी यादी अशा वेळी उपयोगी पडते. पूर्वी एखाद्या ठिकाणी कोणती जात होती हे लिहून ठेवलेले नसेल, तर आता ती नाहीशी झाली हे कळणार कसे?

डीएनए तपासणी आल्यापासून जुन्या नावांची फेरतपासणी सुरू आहे. 'युरिटेमोरा अ‍ॅफिनिस' ही उत्तर गोलार्धभर पसरलेली एकच कोपेपॉड जात मानली जाई. ती प्रत्यक्षात अनेक वंशांचा समूह आहे असे दिसले आणि २०११ साली त्यातून 'युरिटेमोरा कॅरोलीए' ही जात वेगळी करण्यात आली. सेवेल यांच्या जातींपैकी काहींच्या बाबतीतही असे घडणे अशक्य नाही. परंतु अशा फेरतपासणीतही अखेर सुया, काचपट्टी आणि पाचव्या पायाचे चित्र यांच्याकडे परत यावे लागते. नाव कोणाला लागू होते, हे टाइपवरूनच ठरते.

सेवेल यांनी शंभर वर्षांपूर्वी नोंदलेली 'स्यूडोडायाप्टोमस अ‍ॅनंडेली' आज तैवानमध्ये माशांच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचे खाद्य म्हणून वाढवली जाते. 'मबाहिस'ची पुढे डागडुजी झाली आणि ती अलेक्झांड्रियात जतन करून ठेवलेली आहे. चिल्का सरोवरावरून सेवेल यांनी १९१९ साली नाव दिलेल्या 'अकार्शिया चिल्काएन्सिस'चे स्पेलिंगही तसेच आहे. सरोवराचे नाव आता सरकारी कागदोपत्री 'चिलिका' असे लिहिले जाते, परंतु नामकरणाच्या नियमांप्रमाणे जातीच्या नावातला 'चिल्का' बदलता येत नाही.